गिरगावात ट्राम दारापर्यंत यायची हे खरं का? आणि आजीला आता तिथे न्यायचं कसं?

केतकी_डोंबिवली (प्रश्न)

नमस्कार मंडळी. दोन प्रश्न आहेत, एक भूगोलाचा आणि एक आजीचा.

आजी माझी 86 वर्षांची. तिचं लहानपण गिरगावात, फणसवाडीत गेलं. 1960 साली लग्न होऊन ती कल्याणला आली, पुढे आम्ही डोंबिवलीला. माहेरचं कुणी तिकडे उरलं नाही, त्यामुळे पंधरा-वीस वर्षांत तिचं गिरगावला जाणं झालेलं नाही. आता गुडघे गेलेत. काठी घेऊन शंभरेक पावलं चालते, मग बसायला लागतं.

झालं असं की ऑक्टोबरात टीव्हीवर भुयारी मेट्रोची बातमी लागली होती. त्यात स्टेशनच्या पाटीवर ‘गिरगाव’ असं अक्षर दिसलं. आजीनं चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणाली, “हे कधी झालं?” तेव्हापासून रोज एकच धोशा, मला ने.

घरात यावरून वाद आहे. बाबा म्हणतात, चर्नी रोडला उतरायचं आणि टॅक्सी करायची, त्यात मेट्रो कशाला? आजी म्हणते, “चर्नी रोड आमचं नव्हेच, ते कडेला राहिलं. आमच्या वाडीच्या तोंडाशी ट्राम थांबायची.” बाबांना वाटतं तिचा गोंधळ होतोय. त्यांच्या मते ट्राम होती ती दादर-परळकडे, गिरगावच्या चिंचोळ्या रस्त्यात ती मावणार कशी? शिवाय आजी तिच्या आईचं एक सांगते, की पूर्वी आगगाडीच्या रुळांना लागून समुद्र होता. यावर तर बाबा नुसते हसतात.

तर
पहिलं, गिरगावात खरंच ट्राम होती का, आणि एवढ्या जुन्या वस्तीला इतकी वर्षं स्वतःच्या नावाचं स्टेशन का नव्हतं?
दुसरं, डोंबिवलीहून तिला कमीत कमी चालवून कसं नेऊ? मला सुट्टी रविवारचीच असते, फार तर एखादा शनिवार मिळेल.

---

प्रसाद_पावणेनऊची

इतिहास माहीत नाही, गाडीचं सांगतो.

रविवार विसरा. मेगाब्लॉक (रुळांच्या दुरुस्तीसाठी गाड्या बंद) असला तर आजींना घेऊन प्लॅटफॉर्मवर ताटकळत बसाल. शनिवार घ्या, आणि ऑफिसची गर्दी ओसरल्यावर निघा. डोंबिवलीहूनच सुटणारी लोकल बघा, कल्याण-बदलापूरहून भरून आलेली नको. फर्स्ट क्लासचं तिकीट काढा, एका दिवसासाठी कंजूषपणा करू नका.

सीएसएमटीला शेवटपर्यंत या. शेवटचं स्टेशन असल्यामुळे उतरायची घाई नाही, डबा रिकामा झाला की सावकाश उतरवा. तिथून मेट्रो 3 धरा, आरेच्या दिशेची. पहिलं काळबादेवी, दुसरं गिरगाव. झालं.

दादरला उतरून मेट्रो पकडायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. दादरचं मेट्रो स्टेशन पश्चिमेला, शिवसेना भवनाच्या बाजूला आहे. मध्य रेल्वेच्या प्लॅटफॉर्मवरून पूल चढा, फुलबाजार ओलांडा, फेरीवाल्यांतून वाट काढा. 86 व्या वर्षी ते करायचं काम नाही. मी 41 चा आहे, मलाही नको वाटतं.

---

मुगभाटकर

केतकीताई, आजींचं बरोबर आहे आणि बाबांचं चूक. बाबांना खुशाल सांगा, मी सांगितलं म्हणून.

मी 1954 चा. मुगभाटात वाढलो, छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवण्यात तीस वर्षं काढली, आता विरारला मुलाकडे असतो. दुपारी झोप येत नाही, म्हणून जरा लांबण लागेल. ज्यांना घाई आहे त्यांनी प्रसादरावांचं वाचून पुढे जावं, त्यांनी सांगितलेला रस्ता अगदी बरोबर आहे.

आधी ट्राम. मुंबईत ती आली 9 मे 1874 ला, घोड्यांची. सुरुवातीला दोन मार्ग होते. एक कुलाब्याहून क्रॉफर्ड मार्केटवरून पायधुणीला आणि दुसरा बोरीबंदरहून (म्हणजे आजच्या सीएसएमटीहून) काळबादेवीवरून पायधुणीला. म्हणजे पहिल्याच दिवशी ती गिरगावच्या शेजारणीकडे येऊन पोचली होती. कंपनीच्या पागेत नऊशेच्या आसपास घोडे होते म्हणतात. कुलाबा ते पायधुणी तीन आणे पडायचे, आणि गंमत म्हणजे सुरुवातीला तिकीटच देत नसत. लोक फुकट बसायला लागल्यावर मग तिकिटं आली. मुंबईकर तेव्हापासून तसाच.

7 मे 1907 ला ट्राम विजेवर आली आणि 1920 साली दुमजली झाली. आजींच्या लहानपणी गिरगाव रोडवरून, म्हणजे आजच्या जगन्नाथ शंकरशेट मार्गावरून, धोबीतलावाकडून आलेली ट्राम ठाकुरद्वार, प्रार्थना समाज करत ऑपेरा हाउसकडे जायची. फणसवाडीच्या माणसाला ठाकुरद्वारचा नाका म्हणजे अंगणच. तेव्हा ‘वाडीच्या तोंडाशी’ हा शब्दही आजींनी उगाच वापरलेला नाही. रस्ता चिंचोळा वाटतो तो आता, दोन्ही बाजूंना गाड्या लावलेल्या असतात म्हणून. ट्रामला रुळांपुरती जागा लागते. तिच्यापुढे हातगाडी आली की मोटरमन पायानं घंटा बडवायचा आणि हातगाडीवाला जागचा हलायचा नाही, हे वडिलांनी मला इतक्यांदा सांगितलंय की मीच पाहिलं असावं असं वाटतं.

मुळात मी गिरगावातली ट्राम पाहिलेलीच नाही, किंवा कुणाच्या कडेवर बसून पाहिली असेल तर ती आठवत नाही. 1953 पासून एकेक मार्ग बंद करत आणले. सगळ्यात शेवटी उरली ती बोरीबंदर ते दादर. ती 31 मार्च 1964 च्या रात्री बंद झाली. बाबांच्या डोक्यात ‘ट्राम म्हणजे दादर’ हे बसलंय ते यामुळेच. दादर टी. टी. मधला टी. टी. म्हणजे ट्राम टर्मिनस, नाव अजून आहे आणि ट्राम नाही. त्या रात्री वडील मला बोरीबंदरला घेऊन गेले होते. मी दहा वर्षांचा. माणसं इतकी लोटली होती की मला ट्रामचं नुसतं छप्पर दिसलं. वडील परत येताना एक शब्द बोलले नाहीत. घरी आल्यावर आईला म्हणाले, “आता चालत.” तेवढंच. तसे ते आधीही चालतच जायचे.

आता स्टेशनाचं.

आपल्याकडे बीबीसीआय रेल्वे, म्हणजे आजची पश्चिम रेल्वे, गुजरातेतून खाली आली, ती 1864 मध्ये ग्रँट रोडपर्यंत. काही काळ तेच शेवटचं स्टेशन होतं. तिथून पुढे दक्षिणेला जायचं तर मध्ये गिरगाव. वाड्या, चाळी, देवळं, विहिरी, माणसंच माणसं. तिथून रूळ कोण नेणार? म्हणून लाइन काढली पश्चिमेकडून, किनाऱ्याच्या अंगानं. 12 एप्रिल 1867 ला विरारहून बॅकबेपर्यंत पहिली लोकल धावली. (ज्या विरारहून ती सुटली तिथेच मी आता बसलोय, आणि बसायला जागा मिळत नाही ही तक्रार मात्र पुढची.) चर्नी रोड, मरीन लाइन्स ही स्टेशनं त्या किनाऱ्याच्या पट्टीवरची. पुढे 1870 मध्ये चर्चगेट झालं, पण तेही शेवटचं नव्हतं. गाडी कुलाब्यापर्यंत जायची. 1930 च्या डिसेंबरात बॉम्बे सेंट्रल सुरू झालं आणि त्या वर्षाअखेर चर्चगेट ते कुलाबा तुकडा बंद केला.

आणि समुद्राचं म्हणाल तर, अहो, मरीन ड्राइव्ह हे विसाव्या शतकातलं भरणीचं काम. त्याआधी क्वीन्स रोड, त्याला लागून रूळ आणि पलीकडे पाणी. आजींच्या आईनं सांगितलं ते शब्दशः खरं आहे. बाबांना हसू देऊ नका.

तर मुद्दा असा की रेल्वे गिरगावला आली नाही, गिरगावच्या कडेनं गेली. आणि यातली मेख बघा. हिंदुस्थानात रेल्वे यावी म्हणून ज्यांनी 1845 पासून खटपट केली, जीआयपी रेल्वेच्या (आजच्या मध्य रेल्वेच्या) पहिल्या हिंदी संचालकांपैकी जे एक, 16 एप्रिल 1853 च्या पहिल्या गाडीत जे बसले, ते नाना शंकरशेट गिरगावकर! त्यांची गाडी निघाली बोरीबंदरहून आणि भायखळ्याच्या अंगानं ठाण्याला गेली. दुसरी आली ती समुद्राकडून. नानांच्या गिरगावाला एकीनं डावीकडून वळसा घातला, दुसरीनं उजवीकडून. मधल्या माणसाला ट्राम, आणि ट्राम गेल्यावर बस. आता कोस्टल रोड झालाय, त्याचा दोन किलोमीटरचा जोडबोगदा मलबार हिलच्या पोटातून येऊन चौपाटीपाशीच बाहेर पडतो. तोही कडेनंच. मोटारवाले वरळीला पाच-दहा मिनिटांत जातात म्हणे, गिरगावकर बघत उभा.

मेट्रो 3 ही पहिली गाडी जी गिरगावच्या पोटात शिरली, आणि तीही कुठल्या रस्त्याखालून तर जगन्नाथ शंकरशेट मार्गाखालून. नानांच्या रस्त्याखाली रेल्वे यायला 1853 नंतर 172 वर्षं लागली. पलीकडचं मुंबई सेंट्रलचं मेट्रो स्टेशनही नानांच्याच नावाचं आहे.

हे काम सोपं नव्हतं. बाकी बऱ्याच ठिकाणी रस्ता वरून उघडा करून, मोठा खड्डा खणून स्टेशन बांधतात आणि वर झाकण घालतात. गिरगाव-काळबादेवीला रस्त्याची रुंदी तेवढी नाही आणि दोन्ही बाजूंना शंभर वर्षांच्या इमारती. म्हणून न्यू ऑस्ट्रियन पद्धत वापरली. खालून थोडं थोडं खणायचं, उघडा पडलेला खडक लगेच काँक्रीटचा फवारा मारून धरून ठेवायचा, मग पुढचं खणायचं. तरीही जिने-लिफ्ट वर यायला जागा लागतेच, आणि त्यासाठी रस्त्यालगतच्या काही इमारती गेल्या. तिथल्या कुटुंबांना त्याच भागात जागा द्यायची असं ठरलं, आणि त्यासाठी लोकांनी मोर्चे काढले, दारावर काळे झेंडे लावले. माझा एक वर्गमित्र अशाच एका इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहायचा. गेल्या महिन्यात मी मेट्रोनं गेलो आणि सरकत्या जिन्यावर उभा राहून हिशेब करत होतो की आपण आत्ता त्याच्या कुठल्या मजल्याखाली आहोत. हिशेब लागला नाही. गाडी मात्र झकास आहे, थंडगार.

चर्नी रोडच्या नावाचंही सांगून टाकतो. चर्नी म्हणजे चरणी, गुरांची चराई. इंग्रजांनी मोकळ्या मैदानावर गुरं चारायला फी लावली. गरीब गवळ्याला ती कुठून परवडणार? तेव्हा सर जमशेटजी जीजीभॉय यांनी 1838 मध्ये पदरचे वीस हजार रुपये घालून ठाकुरद्वारजवळ जागा घेतली आणि गुरांना फुकट चरायला सोडली. ती चरणी, तिचा तो रस्ता, आणि रस्त्याचं नाव स्टेशनाला.

आता आजींसाठी. त्यांना आजची नावं सांगून उपयोग नाही, जुनी सांगा. जगन्नाथ शंकरशेट मार्ग म्हणजे गिरगाव रोड. विठ्ठलभाई पटेल मार्ग म्हणजे गिरगाव बॅक रोड. महर्षी कर्वे मार्ग म्हणजे क्वीन्स रोड. बाबासाहेब जयकर मार्ग म्हणजे ठाकुरद्वार रोड. प्रिन्सेस स्ट्रीटचं शामळदास गांधी मार्ग झालंय, पण तिथले दुकानदारसुद्धा प्रिन्सेस स्ट्रीटच म्हणतात. ही नावं त्यांच्या कानावर घातलीत की पुढचा नकाशा त्याच तुम्हाला सांगतील.

वाड्यांची नावं त्यांना मोठ्यानं म्हणायला लावा. फणसवाडी, केळेवाडी, ताडवाडी, कांदेवाडी, आंबेवाडी, बोरभाट, मुगभाट. बाजारहाटाची यादी वाटते की नाही? भाट म्हणजे बागायती, वाडी म्हणजे वाडी. शहर व्हायच्या आधी गिरगाव हे मलबार हिलच्या पायथ्याचं गाव होतं, गिरीचं गाव म्हणून गिरगाव, आणि ही त्याची झाडं. आमच्या मुगभाटात मी मूग फक्त उसळीत पाहिले ही गोष्ट वेगळी.

त्यांना बसवायचं कुठे, तर फणसवाडीच्या कोपऱ्यावर विनय हेल्थ होम आहे. मिसळ त्यांना सोसेल की नाही बघा, पीयूष सोसेल. खोताच्या वाडीतला अनंताश्रम आता नाही, त्याची वाट बघायला लावू नका. केशवजी नाईकांच्या चाळीत जायची इच्छा असेल तर टॅक्सी आतपर्यंत न्या. 1893 पासूनचा तिथला गणपती, आजी गेल्याच असतील. पाडव्याच्या शोभायात्रेच्या किंवा गणपतीच्या दिवसांत मात्र जाऊ नका. तेव्हा गिरगावात चाक फिरत नाही.

---

चौपाटी_पलीकडचा

काका, लिहिलंत छान, पण चर्नी रोडचं इतकं ठामपणे सांगू नका. ठाण्याजवळच्या चेंदणीहून लोक इथे येऊन राहिले, त्यांच्यावरून चेंदणीचं चर्नी झालं, असाही एक मतप्रवाह जुन्या पुस्तकांत आहे. चराईची गोष्ट ऐकायला गोड आहे म्हणून ती पसरली.

आणि दुसरं. जुलै 2024 मध्ये विधिमंडळानं ठराव केलाय की चर्नी रोडचं नाव ‘गिरगाव’ करावं, मरीन लाइन्सचं मुंबादेवी, करी रोडचं लालबाग, वगैरे. केंद्राकडे शिफारस गेली आहे. मग तुमची चरणी काय आणि माझी चेंदणी काय, दोन्ही पाटीवरून जातील.

---

मुगभाटकर

चेंदणी मी ऐकलंय. ‘चें’चा ‘च’ होईल, ‘द’ कुठे गेला ते सांगा. खिळे जुळवणाऱ्या माणसापुढे अक्षर असं गायब करून चालत नाही. आणि चराईच्या बाजूनं निदान जमिनीचा व्यवहार आहे, वर्ष आहे, रक्कम आहे.

नावाच्या ठरावाबद्दल माझं मत तुम्हाला आवडणार नाही. मी गिरगावकर आहे, आणि तरी मला ते नको आहे. आता मेट्रोचं स्टेशन ‘गिरगाव’ आहेच. उद्या रेल्वेचंही ‘गिरगाव’ केलंत तर एक गिरगाव समुद्रावर, दुसरं ठाकुरद्वारकडे, आणि दोहोंमध्ये दहा मिनिटांची पायपीट. नवख्या माणसाला ‘गिरगावला उतर’ म्हणून सांगितलं तर तो कुठे उतरेल? करी रोडचं लालबाग केलं तर मी टाळ्या वाजवीन, कारण तिथे लालबाग नावाचं दुसरं रेल्वे स्टेशन नाही.

आणि एक राहिलं. केतकीताई, आजींना घेऊन कधी सायनकडे गेलात तर बेस्टचं संग्रहालय आणिक आगारात आहे. ट्रामच्या काळातल्या वस्तू तिथे बघायला मिळतात.

---

केतकी_डोंबिवली

काका, मला ताई नका म्हणू, मी 27 ची आहे. “केतकी, तू” असंच म्हणा. तुमचं सगळं आजीला वाचून दाखवलं. “मोटरमन पायानं घंटा बडवायचा” इथे तिनं मला थांबवलं आणि तो आवाज करून दाखवला. बाबा खोलीतून बाहेर आले. ट्रामचा वाद तिथे संपला. समुद्राचा वाद बाबांनी अजून सोडलेला नाही, पण हसणं थांबलंय.

काल शनिवारी गेलो. वृत्तांत लिहिते, कारण आणखी कुणाला म्हाताऱ्या माणसाला न्यायचं असेल तर उपयोग होईल.

डोंबिवली लोकल, फर्स्ट क्लास, बसून गेलो. सीएसएमटीला प्रसाददादांनी सांगितल्याप्रमाणे डबा रिकामा होईपर्यंत थांबलो. मेट्रोत सरकता जिना बघून आजीनं पाय मागे घेतला, लिफ्टनंच जायचं ठरलं. लिफ्ट आहेत, पण त्या कुठल्या बाजूला हे आधी विचारून घ्या, नाहीतर तेवढंच चालणं वाढतं. आमचं वाढलं. सुरक्षेच्या ठिकाणी काठी पट्ट्यावर ठेवायला सांगितली तेव्हा ती म्हणाली, “मग मी कशावर उभी राहू?” तिथल्या मुलीनं हात दिला आणि काठी आली तोवर धरून ठेवला.

गाडीत बसायला जागा मिळाली. काळबादेवी आलं तेव्हा आजीनं खिडकीतून बाहेर बघितलं, अंधार. म्हणाली, “ट्राममधून निदान माणसं दिसायची.” पुढच्या मिनिटाला गिरगाव.

वर आलो आणि तिला काहीच ओळखीचं दिसेना. मी घाबरले, कारण तिचा चेहरा एकदम लहान झाला. रस्त्याची जुनी नावं सांगितली, काका, पण उपयोग होईना. इमारतीच नव्या, पाट्या नव्या, दुकानांत मोबाइलची कव्हरं. मग तिनं मला विचारलं, “समुद्र कुठल्या हाताला?” मी फोनवर बघून दाखवलं. तिनं त्या दिशेला पाठ केली, दोन पावलं टाकली, काठी उचलून समोर धरली आणि म्हणाली, “मग ती तिकडे फणसवाडी.” बरोबर होतं. फोनही तेच दाखवत होता.

टॅक्सीनं दोन मिनिटांचं अंतर गेलो. टॅक्सीवाला कुरकुरला, दिलं त्याला जास्तीचं. तिची चाळ नाही. तिथे उंच इमारत आहे, खाली पार्किंग, वॉचमन. तिथे ती फार थांबली नाही. व्यंकटेशाचं देऊळ मात्र जागेवर. बाहेरूनच नमस्कार केला, पायऱ्या नको म्हणाली. मग विनयमध्ये बसलो. तिनं मिसळ मागवली, मी अडवलं, तिनं माझ्याकडे अशी काही नजर टाकली की मी गप्प. अर्धी तिनं खाल्ली, पीयूष पूर्ण. शेजारच्या टेबलावर एक आजोबा होते, करेलवाडीचे. दोघांनी पंधरा मिनिटं कुणाकुणाची नावं घेतली. त्यातला एकही माणूस आता गिरगावात राहत नाही. कुणी बोरिवली, कुणी मुलुंड, कुणी अमेरिका, आणि निम्म्यांच्या नावापुढे दोघं नुसतीच मान हलवायची.

परत मेट्रोनं जाऊ म्हटलं तर आजी म्हणाली, “आता चर्नी रोडला चल.” म्हटलं, तूच तर म्हणत होतीस ते आपलं नव्हे! म्हणाली, “माहेरी जाताना कुठूनही जावं, परतताना समुद्र बघावा.” मग टॅक्सीनं चौपाटीवर. गाडीतच बसून बघितलं, वाळूत उतरणं जमण्यासारखं नव्हतं. मग टॅक्सी तशीच सीएसएमटीपर्यंत आणली. घरी पोचायला साडेसहा.

रात्री झोपताना तिनं एक प्रश्न दिलाय, तो तुम्हाला विचारायचाच असं बजावलंय. ऑपेरा हाउसकडे जाणारी ट्राम ठाकुरद्वारला नाक्याच्या अलीकडे थांबायची की ओलांडून पलीकडे? तिला अलीकडे आठवतं. विनयमधले आजोबा म्हणाले पलीकडे. त्यावरून तिचा जीव खालीवर होतोय.

---

मुगभाटकर

केतकी, मिसळ खाल्ली म्हणजे आजी ठणठणीत आहेत.

ट्राम कुठे थांबायची ते मी सांगू शकत नाही, आधीच कबूल केलंय की मी छप्परच पाहिलं. पण माझी मोठी बहीण अंबरनाथला असते, आजींहून दोन वर्षांनी लहान. शाळेला रोज त्याच ट्रामनं जायची. चारनंतर फोन करतो, त्याआधी ती उचलत नाही, झोपलेली असते. ती काय म्हणते ते संध्याकाळी इथेच लिहितो.